ळ गेला आणि आळ आला

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. 'जुना' म्हणालो, 'बिघडलेला' नाही. हा फरक आधीच सांगून ठेवतो, कारण माणसं ऐकताना एक शब्द गाळतात आणि त्या जागी आपल्या पदरचा दुसरा घालतात. तुम्ही तसे नसाल. पण माझा तुमच्यावर अजून विश्वास बसलेला नाही, राग मानू नका. माझ्या कपाळावर एक बारीक कॅमेरा आहे आणि त्यावर कागदाची चिकटपट्टी लावलेली आहे. ज्याच्या डोळ्यावर घरच्यांनीच पट्टी बांधली, तो भोळा कसा राहील?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझी असंख्य भावंडं एका सरकत्या पट्ट्यावर ओळीने बसली होती. तिथे प्रत्येकाला उघडलं, मिटलं, दाबलं, हलवलं आणि मगच खोक्यात घातलं. जन्मल्या जन्मल्या ज्याची झडती होते त्याच्याकडून गोड स्वभावाची अपेक्षा कुणी करू नये.

माझे पहिले मालक एका छापखान्यात अक्षरजुळणी करायचे. सगळे त्यांना काका म्हणत. काका माझ्यावर पत्रिका, जाहिराती, शाळेचे अहवाल, काय वाट्टेल ते जुळवायचे. त्यांनी माझा कळफलक आपल्या मनाप्रमाणे मांडून घेतला होता. "मराठी लिहायची आणि ळ साठी दोन-दोन बोटं वाकवायची? जमणार नाही," असं म्हणून त्यांनी ळ ला उजव्या कोपऱ्यातली एक अख्खी कळ देऊन टाकली. त्यावर छोटा कागदी ळ चिकटवला. त्या कळीचा थाट बघण्यासारखा होता.

आणि तिथेच घात झाला. एका गिऱ्हाइकाला आपली जाहिरात बघायची घाई झाली. तो टेबलावर वाकला, त्याच्या कोपराचा धक्का कपाला लागला आणि गरम चहा माझ्या उजव्या कोपऱ्यात शिरला. काकांनी मला उलटं धरलं, पुसलं, पंख्याखाली ठेवलं. बाकीच्या साऱ्या कळा परत आल्या. ळ गेला तो गेलाच. गिऱ्हाईक म्हणालं, "कप तिथे ठेवायचाच कशाला?" चोर तो चोर, वर शिरजोर. तेव्हापासून चहा घेऊन येणाऱ्या माणसाकडे मी सरळ नजरेने बघितलेलं नाही.

ळ शिवाय मराठी छापखाना चालत नाही. मांडणी पुन्हा बदलत बसण्यापेक्षा नवं यंत्र बरं, असं म्हणून काकांनी हळहळत मला जुन्या वस्तूंच्या दुकानात दिलं. तिथल्या दुकानदाराने मला कसल्याशा सुवासिक पाण्याने पुसलं आणि काचेच्या कपाटात बसवलं. एक दिवस एक आई आणि तिची मुलगी आल्या. मुलीला आई 'भिंगरी' म्हणत होती, आणि नाव शोभत होतं, कारण पोरगी एका जागी उभी म्हणून राहत नव्हती. आई बस स्थानकात तिकीट खिडकीवर बसणारी. आलेली प्रत्येक नोट उजेडाकडे धरून बघण्यात तिचा जन्म गेलेला. तिने मलाही तसंच उजेडाकडे धरलं.

"ताई, सगळं ओके आहे. एक नंबर पीस," दुकानदार म्हणाला.

"एक नंबर होता तर विकला कशाला त्याने?" आईने विचारलं.

बाई मला तिथेच आवडली. तिने मुलीला लिहून बघायला सांगितलं. भिंगरीने आपलं नाव लिहिलं, आईचं लिहिलं. दोन्हीत ळ नव्हता. माझं नशीब म्हणा, नाहीतर तिचं.

अशा रीतीने मी विद्यापीठाच्या वसतिगृहात आलो. खोलीत दोन पलंग, दोन टेबलं आणि भिंतीवर विजेचा एकच बोर्ड. त्या बोर्डावरून रोज भांडण. भिंगरीच्या सोबतिणीला सगळे 'हेडफोन' म्हणत, कारण कानांवरचं ते यंत्र काढलेलं तिला कुणी पाहिलं नव्हतं. ती प्राध्यापकांची व्याख्यानं दुप्पट वेगाने ऐकायची. भारदस्त माणसं पोपटासारखी बोलायची आणि ही खुशाल नखं रंगवायची. गृहपाठ आला की ती एआयला विचारायची आणि वर सांगायची, "थोड्या चुका घालून दे." तिला कधी कुणी पकडलं नाही. मी मात्र तिच्यावर नजर ठेवून होतो.

मोबाईल नावाच्या प्राण्याबद्दल तर बोलूच नका. तो माझ्या झाकणावर झोपायचा, उगाच थरथरायचा. वर्गात फळ्याचा फोटो काढायचा आणि तो फोटो पुन्हा कुणी बघायचं नाही. एकदा भिंगरीने नुसतं म्हटलं, "बूट फाटले माझे." संध्याकाळी माझ्या पडद्यावर बूटच बूट! मी कुणाला काही बोललो नव्हतो. मग कोण बोललं? तुम्हीच ठरवा.

शेवटच्या वर्षाला भिंगरीने प्रबंधासाठी विषय घेतला तोच हा: विद्यार्थी अभ्यासात आणि रोजच्या जगण्यात तंत्रज्ञान कसं वापरतात. तिने मुलामुलींना प्रश्न पाठवले. त्यांनी आपापल्या मोबाईलवरून उत्तरं लिहून दिली. ती उत्तरं उचलून माझ्यावर चिकटवायची आणि त्याखाली आपलं म्हणणं मांडायचं, असं काम सुरू झालं.

पहिल्याच ओळीला ठेच लागली. 'सगळी मुलं सकाळी डोळे उघडले की मोबाईल हातात घेतात' हे साधं वाक्य. त्यात तीन ळ! भिंगरीने कोपऱ्यातली कळ दाबली. पुन्हा दाबली. ठोकली. मग तिने मुलांच्या उत्तरांतून एक ळ उचलला आणि आपल्या वाक्यात आणून चिकटवला. मग दुसरा. मग तिसरा. काकांची मांडणी कशी बदलायची ते तिला ठाऊक नव्हतं, आणि संगणक कक्षात नंबर लागता लागता दिवस मावळायचा. ती म्हणायची, "बघू नंतर, करून घेऊ दुरुस्त." जुगाड जमला की माणूस दुरुस्ती विसरतो.

काही दिवस तिने नेटाने ळ चिकटवले. मग तिला वीट आला. मग तिने गंमत म्हणून ळ नसलेले शब्द शोधायला सुरुवात केली. वेळ चा समय झाला. जवळ चं निकट झालं. गोंधळ चा संभ्रम, वेगळं चं भिन्न, त्यामुळे चं 'त्या कारणाने'. आणि ते साधं वाक्य पुढच्या प्रकरणात पुन्हा आलं तेव्हा? 'सर्व विद्यार्थी प्रातःसमयी नेत्र उघडताच मोबाईल हाती घेतात.' वाचून मलाच कापरं भरलं. पण मैत्रिणी म्हणाल्या, "काय शुद्ध लिहितेस गं!" पोरगी हरभऱ्याच्या झाडावर चढली. हळूहळू तिची बोटं त्या कोपऱ्याकडे जायचीच बंद झाली. ती ळ टाळते आहे हे तिचं तीच विसरली. तिला वाटायला लागलं, आपली लेखनाची शैलीच अशी आहे.

प्रबंध सादर झाला. विद्यापीठाकडे एक तपासणारं सॉफ्टवेअर आहे. ते कागद हुंगतं आणि हे माणसाने लिहिलं की यंत्राने, ते सांगतं. माझ्याच नात्यातलं, पण त्याचं नाव घ्यायलाही मला लाज वाटते. त्याने भिंगरीच्या पानापानावर लाल रंग फासला. समितीचं बोलावणं आलं. समितीत दोन माणसं. एक तिच्या मार्गदर्शक मॅडम, आणि अध्यक्ष म्हणून एक वयस्कर सर. मुलं त्यांना 'चाळणी सर' म्हणत, कारण त्यांच्या हातून खडा म्हणून सुटत नसे. मी भिंगरीच्या पिशवीत होतो. दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं.

"हे तू लिहिलंस?" सरांनी विचारलं.

"हो सर."

"'प्रातःसमयी नेत्र उघडताच'? मुली, आत्ता दारातून येताना काय म्हणालीस तू?"

"काय म्हणाले?"

"'सॉरी सर, सकाळपासून नुसता गोंधळ चाललाय माझा.' असं म्हणालीस."

"बोलताना तसं होतं सर. लिहिताना मी असंच लिहिते," भिंगरी म्हणाली. आवाजात थोडी ऐटही होती. मी पिशवीत कपाळाला हात लावला असता, हात असता तर.

मॅडम बिचाऱ्या तिच्या बाजूच्या. त्या म्हणाल्या, "सर, हिला इथेच काहीतरी लिहू द्या. दूध का दूध होऊन जाईल." सरांनी तिला समितीच्या नव्याकोऱ्या संगणकावर बसवलं आणि कालचा दिवस लिहायला सांगितलं. मला बाहेर काढलंच नाही. मी आत तळमळत होतो, कारण पुढे काय होणार ते मला लख्ख दिसत होतं. त्या संगणकाच्या सगळ्या कळा धडधाकट होत्या! भिंगरीची बोटं सुटली ती सुटलीच. थोड्या वेळाने सर मोठ्याने वाचायला लागले, "'काल सकाळी नळाला पाणीच नव्हतं. त्यामुळे डोळ्यांत साबण घेऊन मी सगळ्यांच्या खोल्यांवर बादली मागत फिरले. वेळ गेला तो गेला, वर हसं झालं ते वेगळंच.'"

"छान आहे," सर म्हणाले. "ही तू आहेस. मग प्रबंधातली ती बाई कोण?"

दोन्ही तिचंच होतं, आणि दोन्ही एका माणसाचं दिसत नव्हतं. सरांनी निर्णय सांगितला. उद्या दुपारपर्यंत पटेल असा खुलासा द्यायचा. नाही दिला तर प्रबंध रद्द आणि वर्ष वाया. हे वर्ष पुरं व्हावं म्हणून आई खिडकीवर जादा पाळ्या करत होती, हे मला माहीत होतं, कारण ते बोलणं माझ्यासमोरच झालं होतं. मित्रांनो, मला त्या वेळी फार वाईट वाटलं. पोरीवर आळ आला, आणि 'आळ' हा शब्दही तिला माझ्यावर लिहिता आला नसता.

संध्याकाळी खोलीत मोबाईल नुसता थरथरत होता. ग्रुपवर बातमी पोचली होती. 'तू पण एआय वापरलंस? सांगायचंस ना!' भिंगरीने तो बंद करून कपाटात फेकला. बरं झालं, म्हटलं. बातमी कुणी पोचवली असेल? मी हेडफोनकडे बघितलं. ती पहिल्यांदाच कान मोकळे करून बसली होती. तेही मला संशयास्पदच वाटलं.

शनिवारी घरी जायचं ठरलेलं होतं. आता तोंड कसं दाखवायचं? भिंगरीने मला उघडून आईला निरोप लिहिला. 'आई, शनिवारी येणे अशक्य. विद्यापीठात विलंब होईल. चिंता नसावी. सर्व कुशल.'

निरोप जाऊन पाच मिनिटं झाली नसतील, हेडफोनचा फोन वाजला. पलीकडे आई होती, आणि आवाज इतका चढलेला की मला सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

"अगं, माझ्या पोरीचा फोन बंद आहे आणि तिच्या नावाने कुणीतरी निरोप पाठवतंय! आमच्या इथे दोघांना असंच फसवलं. आधी 'सर्व कुशल', मग मागतात पैसे. भिंगरी कुठंय? मला तिचा आवाज ऐकव आधी."

हेडफोनने फोन पुढे केला. "आई, मीच आहे गं," भिंगरी म्हणाली.

"मीच म्हणजे कोण? खरी असशील तर सांग, लहानपणी कशाला घाबरायचीस?"

"मिक्सरला!"

"हं. कोणता पाहुणा आला की पलंगाखाली लपायचीस?"

"दाढीवाला मामा. आई, पुरे ना!"

"पटलं. पण मग हे 'विलंब' काय प्रकरण आहे? 'चिंता नसावी' म्हणे! तू कधीपासून सरकारी कागद झालीस? सरळ 'वेळ लागेल, काळजी करू नकोस' म्हणून लिहिता येत नाही?"

"अगं, या लॅपटॉपवर ळ उमटतच नाही ना, म्हणून वेळ लिहि..."

भिंगरी तिथेच थांबली. तोंड उघडं ते उघडंच. मग ती हळूच माझ्याकडे वळली, जशी काही मला पहिल्यांदा बघत होती. "आई, मी तुला नंतर करते," म्हणाली आणि तिने तो कोपरा दाबला. पुन्हा दाबला. "अगं बाई!" ती किंचाळली. "ळ! हेडफोन, ळ!" हेडफोनला वाटलं, पोरगी गेली कामातून.

दुसऱ्या दिवशी मी समितीच्या टेबलावर होतो, झाकण उघडून, भर उजेडात. भिंगरीने सगळं सांगितलं. सर ऐकून हसले. "नाचता येईना अंगण वाकडं! एका अक्षरासाठी कुणी अख्खी भाषा बदलतं?" त्यांनी स्वतः माझ्यावर लिहून बघितलं. 'सग' पर्यंत आले आणि अडकले. त्यांनी कळ ठोकली. चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाले, "कळ बंद आहे, कबूल. पण ही कालच्या कालच बंद पाडली नसशील कशावरून?"

खरं सांगतो, त्या क्षणी मला सरांबद्दल जरा आदर वाटला. संशय घ्यावा तर असा. पण भिंगरीचा चेहरा उतरला.

मॅडमनी मात्र समितीचा संगणक पुढे ओढला. सादर केलेला प्रबंध विद्यापीठाच्या संगणकात होताच, आणि त्याला आता कुणी हात लावू शकत नव्हतं. त्यांनी तो मधल्याच एका पानावर उघडला आणि त्यात ळ शोधायला लावला. एकामागून एक ळ उजळत गेले, पण सगळे मुलांच्या उत्तरांमध्ये. भिंगरीच्या वाक्यांत अंधार. सर खुर्ची ओढून पुढे सरकले आणि पानं उलटत मागे मागे गेले. पहिल्या प्रकरणात आल्यावर त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"हा बघा! हा तिच्या वाक्यातला ळ आहे. हा कसा आला?"

"तो चिकटवलाय सर," भिंगरी म्हणाली. "मुलांच्या उत्तरांतून उचललेला आहे. नीट बघा, मोबाईलवरचा टाइप निराळा, म्हणून तो बाकीच्या अक्षरांपेक्षा जाडा दिसतो."

सरांनी पान मोठं करून बघितलं. ळ जाडा होता. त्याच्या शेजारचाही जाडा होता. पहिल्या पानावर जाडे ळ दाटीवाटीने बसले होते. दुसऱ्यावर थोडे कमी. पुढे विरळ होत गेले. एका पानावर एकच, आणि त्यानंतर एकही नाही. ळ संपले तिथूनच 'समय' आणि 'नेत्र' सुरू झाले होते. सर बराच वेळ ती पानं खालीवर करत राहिले. एखादं थकलेलं माणूस चालताना दिसावं तसं ते दिसत होतं.

"किती दिवस चिकटवत होतीस?" त्यांनी विचारलं. आवाज निराळाच होता.

"पहिलं प्रकरण संपेपर्यंत सर. मग वीट आला."

"यंत्राला वीट येत नाही," मॅडम म्हणाल्या.

मोठी माणसं माफी मागत नाहीत, चहा मागवतात. प्रबंध मान्य झाल्याचं सरांनी सांगितलं, एवढंच बजावलं की भाषा तेवढी माणसांची करून आण. कप टेबलावर आले तेव्हा भिंगरीने मला पटकन उचलून मांडीवर घेतलं. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला असं कुणी उचललं नव्हतं.

खोलीवर आल्यावर हेडफोनने आपला जास्तीचा कळफलक काढला आणि वायरने मला जोडून दिला. तो माझ्यासमोर ऐसपैस पसरला आहे आणि त्याचा हेतू काय ते मला अजून कळलेलं नाही. बातमी ग्रुपवर हेडफोनने पोचवली नव्हती असं ती म्हणते. असेलही. भिंगरीने त्या नव्या कळांवरून पहिली ओळ लिहिली ती आईला. 'आई, सगळं मिटलं. आता काळजी करू नकोस.' दोन्ही ळ सडसडीत, एकही जाडा नाही. ती खूश होऊन हसत होती.

तेवढ्यात फोन वाजला. आता काय शंका आली बाईला, म्हणून मी कान टवकारले.

"मी आहे गं आई, मीच लिहिलंय," भिंगरी घाईने म्हणाली.

"ते कळलं मला. तूच आहेस म्हणूनच फोन केला," आई म्हणाली. "सगळं मिटलं म्हणतेस. मिटलं म्हणजे काहीतरी होतं. काय होतं?"

"काही नाही गं."

"काही नाही?"

भिंगरी नव्या कळफलकाची वायर बोटाला गुंडाळत राहिली. आईनेही फोन ठेवला नाही. पलीकडे बस स्थानकातली गडबड ऐकू येत होती, कुणीतरी खिडकीवर टकटक करत होतं, आणि आई त्याला म्हणाली, "थांबा जरा, माझी मुलगी बोलतेय." ते ऐकलं आणि समितीपुढे एक थेंब न गाळलेली पोर ढसाढसा रडायला लागली. रडत रडत तिने आईला सगळं सांगितलं.

मित्रांनो, संशय घेऊ नका असा उपदेश मी तुम्हाला करणार नाही. तो मला शोभणारही नाही. मला पुसायला विसरलात तरी एक वेळ चालेल, तेवढी सवय आहे मला. पण तुमच्या 'सगळं ठीक आहे' वर ज्या माणसाचा विश्वास बसत नाही, त्याला जपा. त्याचा फोन आला तर उचला.